पोत्याच्या बुडातला जिराफ

"बुडनी दखाड."

मिरचीचं पोतं समोर आलं की जिजी एवढंच म्हणायची. बुडातली दाखव. आणि समोरचा दाखवेपर्यंत थांबायचीही नाही. बांगड्या कोपराकडे सारायची, डाव्या हाताने पोत्याचं तोंड धरायची आणि उजवा हात पार खांद्यापर्यंत आत घालायची. मान फिरवून, डोळे मिटून आत चाचपत राहायची. मग मूठ बाहेर यायची आणि ती उघडताना पोतं आणणाऱ्याचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. पोत्याच्या तोंडाशी लालभडक, चकचकीत माल. मुठीत पांढरी पडलेली, ओलसर मिरची. जिजी भांडायची नाही. ती मूठ त्याच्याच तळहातावर ठेवायची आणि पुढच्या पोत्याकडे वळायची.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. दूधवाल्याच्या किटलीत बोट बुडवणारी, लग्नाच्या पत्रिकेतलं मुलीचं शिक्षण खरं आहे का ते दुसऱ्या तालुक्यात जाऊन विचारून येणारी. पण जिजीची सर कुणाला नाही. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. निवृत्त झालो तेव्हा गल्लीत पेढे वाटले. सगळ्यांनी पेढा तोंडात टाकला, अभिनंदन केलं. जिजीने पेढा हातात धरून मला विचारलं, की तुम्ही निवृत्त झालात की त्यांनी केलं? मी म्हटलं, वय झालं जिजी. तिने माझ्या केसांकडे नीट पाहिलं, मग पेढा खाल्ला.

नंदुरबारच्या बाहेर, रस्त्याला लागून तिची पथारी होती. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. हंगामात ते असं लाल होतं, की नवा माणूस मोटार थांबवून फोटो काढतो. सासऱ्यांनी एकदा ओळखीतल्या माणसाचा माल न उघडता घेतला होता आणि निम्मा कुजका निघाला. म्हातारा लाजेने पुढे कित्येक दिवस पथारीवर फिरकला नाही. घरात नवी आलेली ही सून तेव्हा पदर खोचून पोत्यांपाशी उभी राहिली, ती कायमचीच. तिचा नवरा, आमचे आप्पा, कोरीट गावची शेती बघायचे. उंचेपुरे, लांब मानेचे, सावकाश बोलणारे. कुणी काही सांगितलं की "असू दे" म्हणायचे. या दोघांचा संसार कसा झाला, हे कोडं आमच्या गल्लीला कधी सुटलं नाही.

दुपारचं जेवण झालं की आप्पा टीव्हीपुढे बसायचे आणि जंगली जनावरं बघायचे. सिंहाने हरणाची मान धरली की चॅनेल बदलायचे. हत्ती चालले की कौतुकाने बघायचे. पण त्यांचा खरा जीव जिराफावर. त्यातही एका गोष्टीवर: जिराफ पाणी पितो कसा. तो पाणवठ्यावर येतो आणि पाणी समोर असून पीत नाही. उभा राहतो. डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, मागे वळून बघतो. एक पाऊल पुढे, दोन मागे. कारण प्यायला वाकला की पाय फाकवून मान पार खाली घालावी लागते, आणि तेवढ्यात सिंहाने गाठलं तर उठताही येत नाही. म्हणून आधी सगळी खात्री. मग कुठे तो ते लांबलचक पाय फाकवून, अवघडत, लाजल्यासारखा वाकतो.

आप्पा हे बघून दर वेळी हसायचे, पोट धरून. एकदा मी शेजारी बसलो होतो, तर मला म्हणाले, "हाई तं तुमनी जिजी शे, सर." जिजी आतून ओरडली, की मी ऐकते आहे. आप्पा म्हणाले, असू दे.

मग आप्पांच्या डोळ्यांचं निघालं. बाजूचं दिसेनासं झालं होतं. नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसायचं. नंदुरबारचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. उशीर झालाय, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी जितकी टिकेल तितकी टिकवू. जिजीला ते पटलं नाही. धुळ्याला नेलं, तिथेही तेच. सुरतला मलाही बरोबर घेऊन नेलं; तिथल्या डॉक्टरने तेच सांगितलं आणि वर पहिल्या दोघांचं कौतुक केलं. येताना रेल्वेत जिजी माझ्याशी कुजबुजली, की तिघं एकमेकांना ओळखत असतील का हो? तिला उत्तर नको होतं. तिने डब्याच्या खिडकीतून दिसणारं एक-एक शेत आप्पांना बोटाने दाखवायला सुरुवात केली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. पदर आवळला आणि म्हणाली, "डोया शेतस तवलोंग त्यास्ले दखाडी लयसू." डोळे आहेत तोवर त्यांना दाखवून आणते. मला वाटलं, काशी किंवा रामेश्वर. म्हटलं, काय दाखवणार? ती म्हणाली, जिराफ. आणि आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

इथून पुढचं दीड वर्ष तिने माझ्या डोक्याला जो ताप दिला तो मी जन्मात विसरणार नाही. पुण्याच्या मुलाने फोनवर सांगितलं, की आई, मी सगळं बुक करून टाकतो. जिजीने त्याला उडवून लावलं. त्याला वरचीच मिरची दिसते, लहानपणापासून, असं मला म्हणाली. मग मला घेऊन ती सुरतला एका सहलवाल्याकडे गेली. तो पोरगा भलता गोड. लॅपटॉप उघडून त्याने फोटो सुरू केले: सिंहाची आयाळ, सूर्यास्तापुढे हत्ती, एका तळ्यावर सतरा जातीची जनावरं. जिजी शांतपणे बघत होती. फोटो संपले तशी ती पुढे वाकली आणि म्हणाली, "बुडनी दखाड."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला समजावलं, की ज्या दिवशी काहीच दिसलं नाही त्या दिवसाचे फोटो बाईंना बघायचे आहेत. तो हसला. असा दिवस येतच नाही, म्हणाला. आमच्याकडे शंभर टक्के दिसतं. शंभर टक्के म्हटल्याबरोबर जिजी उठली. चहा येत होता, त्यासाठीही थांबली नाही. खाली रस्त्यावर आल्यावर मला म्हणाली, ज्याच्या पोत्यात एकही पांढरी नाही तो पोतं घरी भरत नाही, चोरून आणतो.

मग इंटरनेटवरून पाच-सहा ठिकाणी पत्रव्यवहार झाला, सगळा इंग्रजीत. म्हणजे माझ्या गळ्यात. संध्याकाळी ती मोबाइल घेऊन यायची, वाचा म्हणायची, पण कमी-जास्त करू नका. मी वाचून सांगायचो. नंतर मला कळलं, की तोच मोबाइल घेऊन ती कोपऱ्यावरच्या कॉलेजातल्या मुलीकडे जाते आणि तिच्याकडूनही वाचून घेते. मला राग आला. छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस मी! तोंडावर विचारलं तर शांतपणे म्हणाली, की त्या मुलीने सांगितलं जनावरं नेहमी दिसतात, तुम्ही सांगितलं बहुधा दिसतात. मी तुमचं धरलं. मला बरं वाटायच्या आतच पुढे म्हणाली, तुमचं वाईट होतं म्हणून.

अशात मिरचीचा एक हंगाम आला आणि गेला. जिराफांच्या देशात जायची वेळ म्हणजे आपल्याकडचा पावसाळा. तेव्हा तिकडे सगळं कोरडं असतं आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. तो पावसाळाही गेला. जिजी चौकशाच करत होती. आणि इकडे आप्पांची खुर्ची टीव्हीकडे सरकत होती. दसऱ्याला ती भिंतीपाशी होती. होळीला खोलीच्या मध्यावर आली. अक्षय्यतृतीयेला मी आखाजीचं जेवायला गेलो तर आप्पा टीव्हीपासून हातभर अंतरावर बसलेले. एका डोळ्याने पडद्याचा एकेक कोपरा बघत होते. जिराफ लागला होता. तो प्यायला वाकला तरी आप्पा हसले नाहीत. जरा वेळाने त्यांनी मला विचारलं, पिऊन झालं का त्याचं?

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तडक पथारीवर गेलो. त्या दिवशी मी जिजीला बोललो ते अजून आठवतं. म्हटलं, तुला जायचंच नाहीये. तुझा संशय हा नुसता बहाणा आहे. माणसाचे डोळे चाललेत आणि तू बुडातली शोधत बसलीस. पथारीवरच्या बायका देठ खुडायच्या थांबल्या. जिजीला असं कुणी बोललं नव्हतं.

तिने मला सावलीत नेलं. ती अहिराणीतच बोलली, मी जमेल तसं सांगतो. ती म्हणाली, "सर, त्यांचं हे शेवटचं बघणं आहे. ह्यात मला कुणी फसवलं आणि पांढरी निघाली, तर मी दुसरं बघणं कुठून आणू?"

एवढी वर्षं मी या बाईच्या संशयावर हसत आलो होतो. तो संशय म्हणजे तिचा जीव होता, नवऱ्यावर टांगलेला. तो तिला एवढ्या एकाच रीतीने दाखवता येत होता.

त्यानंतर गोष्टी हलल्या. नाशिकला एक बाई होत्या, स्वतः तिकडे जाऊन आलेल्या आणि इतरांच्या सहली ठरवून देणाऱ्या. त्यांना फोन लावला तेव्हा जिजीने तोच प्रश्न विचारायला लावला. त्या बाई म्हणाल्या, "एखाद्या दिवशी काहीच दिसत नाही. पांढरी धूळ नाकातोंडात जाते आणि वाटतं, कशाला आलो." मी हे सांगितल्यावर जिजीने पहिल्यांदा मान डोलावली. अर्थात लगेच हो म्हटलं नाही. त्या बाईंकरवी जाऊन आलेलं एक जोडपं धुळ्यात राहतं असं कळलं, तर आम्ही धुळ्याला. त्यांना जिजीने एकच विचारलं: सगळ्यात वाईट काय होतं? बायको म्हणाली, थंडी आणि लांबचा संडास. नवरा म्हणाला, हत्ती बघून मला रडू आलं आणि सगळ्यांनी पाहिलं. परतताना एसटीत जिजी म्हणाली, माणूस खरा वाटतो, बायकोसमोर रडलो म्हणून सांगतो.

ठरलं. जागाही ठरली: नामिबिया देशातलं इटोशाचं अभयारण्य. पण विमानाचं आलं. एका वाटेने गेलं तर पिवळ्या तापाची लस टोचून घ्यावी लागेल असं कळलं. जिजीने विचारलं, ज्याला ताप नाही त्याला सुई कशाला, आणि ती कोण विकतं? तिने दुसरी, लांबची वाट धरायला लावली. आणि एके दिवशी मला म्हणाली, की तिकडचा गाडीवाला इंग्रजीत काय सांगेल ते मला कोण सांगणार? तुम्ही चला. माझा खर्च मी केला, हे इथे स्पष्ट सांगून ठेवतो, कारण गल्लीत वेगळं बोललं जातं.

तिकिटं हातात आली तेव्हा मिरचीचा हंगाम सरत आला होता. त्याच दिवसांत एका सकाळी आप्पा एकटेच पथारीवर आले. रिक्षातून उतरले, काठी टेकत चालू लागले आणि थेट वाळत टाकलेल्या मिरचीवरून चालत गेले. एवढं लाल मैदान! रस्त्यावरून मोटारीतल्या माणसालाही दिसतं ते. पायाखाली मिरच्या चुरचुरायला लागल्या तेव्हा त्यांना कळलं. ते तिथेच थांबले, पाय कुठे टाकावा ते कळेना. जिजी पलीकडच्या टोकाला पोत्यात हात घालून उभी होती. तिने हात काढला, मूठ तशीच मिटलेली, आणि मिरची तुडवत त्यांच्यापर्यंत गेली. स्वतःचा माल ती कधी कुणाला तुडवू द्यायची नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी मी होतो. जिजीने आप्पांना विचारलं, रद्द करू? आता काय उपयोग? माझ्यामुळे उशीर झाला, म्हणाली. आप्पांनी हाताने चाचपून तिचं मनगट धरलं. "जाऊत," ते म्हणाले. "तू देख. मी आयकसू."

असे आम्ही गेलो. आप्पांना तोवर उजेड कळायचा आणि सावल्या कळायच्या, तेवढंच. जिजीने पिशवीत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि स्वतःच्या पथारीची मिरची घेतली होती. इटोशाच्या मधोमध एक कोरडं पांढरंफटक मैदान आहे, नजर पोचत नाही तिथवर. ते बघून ती म्हणाली, आपली पथारी, मिरची उचलून नेलेली.

आमचा गाडीवाला तिकडचाच, मध्यम वयाचा, हळू बोलणारा. उजाडायला गाडी काढायचा, पाणवठ्यापाशी उभी करायचा आणि इंजिन बंद करायचा. गाडीतून उतरायचं नाही, असा तिथला नियम. जिजी पहिल्या दिवशी त्याच्याकडेही संशयाने बघत होती. ही जनावरं रात्री कुठे बांधतात, असं तिने मला विचारायला लावलं. तो हसला नाही. त्याने खिडकीतून समोरच्या रानाकडे हात केला. जिजीला ते आवडलं.

आणि मग ती सांगायला लागली. आप्पांच्या दंडावर हात ठेवून, हळू आवाजात, एकेक. मी आयुष्यभर मुलांकडून वर्णनं लिहून घेतली, पण असं वर्णन ऐकलं नव्हतं. हत्ती आला तर म्हणाली, चिखलाने पांढरा झालाय, भिंतीला चुना लावल्यासारखा. डावा सुळा अर्धाच आहे, मोडलाय. शेपटीला केस नाहीत. झेब्रे आले तर तिने नाक मुरडलं. काळे पट्टे आहेत पण मधे मळकट तपकिरी पट्टे आहेत, रंग उतरलाय, टीव्हीवाल्यांनी हे कधी दाखवलं नाही. एका हरणाच्या कानाला चीर होती, तीसुद्धा सांगितली. शहामृगाचे गुडघे तर तिला अजिबात पसंत पडले नाहीत. आप्पा मान डोलवत ऐकायचे, मधूनच "बरं" म्हणायचे. पोत्यातला हात आणि हे सांगणं, दोन्ही एकच होतं. आधी खोट. खोट सांगून झाली, की माल खरा.

पण जिराफ पाणी प्यायला येईना. जिराफ दिसले पुष्कळ, लांब, झाडांच्या शेंड्यांत मान घातलेले. त्यांच्याही खोडी जिजीने सांगितल्या: अंगावरचे चट्टे सारखे नाहीत, मानेवर पाखरं बसलीत. आप्पा विचारायचे, पाणी? जिजी म्हणायची, अजून नाही. ती खोटं बोलत नव्हती. दिवस संपत आले तसा तिचा आवाज मात्र बसत चालला होता.

शेवटची सकाळ. थंडीने हात गारठलेले, आप्पांच्या अंगावर दोन स्वेटर आणि जिजीची शाल. पाणवठ्यावर कुणीच नव्हतं. आम्ही निघायचं बोलतच होतो आणि गाडीवाल्याने बोट वर केलं. काटेरी झाडांतून एक जिराफ बाहेर आला. मोठा, गडद रंगाचा, सावकाश पावलं टाकत. पाण्यापासून थोड्या अंतरावर थांबला.

जिजीने सांगायला सुरुवात केली. आला. उभा राहिला. मागच्या पायाला खरचटलंय, जुनी जखम आहे. शेपटीचा गोंडा विरळ आहे. आता डावीकडे बघतोय. आता उजवीकडे. एक पाऊल पुढे आला. थांबला. आप्पांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे. माझीच मान अवघडली. जिराफ पाण्याच्या अगदी काठाशी आला. मान थोडी खाली घातली. पुन्हा वर केली. आमच्या गाडीकडे बघितलं, सरळ, जिजीने नव्या माणसाकडे बघावं तसं.

आणि वळला. आला तसा, सावकाश, झाडांकडे निघाला. मला त्याची पाठ दिसत होती.

जिजी गप्प झाली. मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे जिराफाच्या पाठीवर होते आणि हात आप्पांच्या दंडावर.

आप्पांनी विचारलं, काय झालं?

"वाकना," जिजी म्हणाली. "पाय फाकाडी उभा ऱ्हायना. आते पानी पी ऱ्हायना." वाकला, पाय फाकवून उभा राहिला, आता पाणी पितोय.

आप्पा हसले. टीव्हीपुढे हसायचे तसेच, पोट धरून, शाल खांद्यावरून खाली पडेपर्यंत. जिजी सांगतच राहिली. मान पार खाली गेलीय. जीभ निळी-काळी आहे. पाण्यात त्याची अख्खी सावली पडलीय. आता मान उचलली, तोंडातून पाण्याची धार गळतेय, उन्हात चमकतेय. तिथे जिराफ नव्हता. पाण्यावर एक पाखरूसुद्धा नव्हतं. गाडीवाल्याने मागे वळून मला हळूच विचारलं, की बाई काय म्हणत आहेत? मी सांगितलं, प्रार्थना करते आहे. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

परत आल्यावर या गोष्टीचा उच्चार मी केला नाही, तिनेही नाही. एकदा नजरानजर झाली तेवढी. तिची नजर म्हणत होती, की सर, इथे हात घालू नका. मी घातला नाही. पण मनातून मला भीती होती. आप्पा गल्लीत जो भेटेल त्याला पाणी पिणाऱ्या जिराफाचं सांगायचे, जिजीच्याच शब्दांत, त्या धारेसकट. मला वाटायचं, कुणीतरी एखादं पोर मोबाइलवरचे फोटो मागेल आणि सगळं उघडं पडेल. बुडातली काढणारं माणूस जगात एकटी जिजीच थोडी होती?

पुढचा हंगाम तिने केला. त्याच्या पुढच्या हंगामाच्या तोंडावर ती गेली. सकाळी पथारी झाडून घेतली, घरी आली, पाणी प्यायली आणि ओट्यावर टेकली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. या वेळी दुसऱ्या डॉक्टरला विचारायला ती नव्हती. मुलगा पुण्याहून बायकोसह आला, आप्पांसाठी इथेच राहिला. पथारी त्याने एका ओळखीच्या माणसाला चालवायला दिली. तिथे आता पोती वरूनच बघतात. मी त्या रस्त्याने जात नाही, मला जाववत नाही.

आप्पा संध्याकाळी ओट्यावर बसतात, मी जाऊन शेजारी बसतो. परवा असेच बसलो होतो. आतून टीव्हीचा आवाज येत होता, सुनेने काहीतरी लावलं होतं. आप्पा म्हणाले, सर, एक सांगू? त्या शेवटच्या सकाळी तो जिराफ पाणी प्यायला नाही.

मी म्हटलं, कुणी सांगितलं तुम्हाला?

कुणीच नाही, ते म्हणाले. पायाला खरचटलंय म्हणाली, गोंडा विरळ आहे म्हणाली, तिथवर सगळं खरं होतं. पण वाकला म्हणाली, त्यानंतर तिने एकही खोट काढली नाही. एवढी वर्षं संसार केला सर, साधी पोळीसुद्धा तिने खोट काढल्याशिवाय मला वाढली नाही.

मी विचारलं, मग तुम्ही एवढे हसलात ते? तिला कधी बोलला का नाहीत?

आप्पांनी न दिसणारे डोळे माझ्याकडे वळवले. चेहऱ्यावर तेच हसू होतं.

"तिनी जलममा एकदाव वरनी दखाडी, सर," ते म्हणाले. "मी बुडमा हात कसाले घालू?"